बिनगळाचा नेम

नारखेडे सरांनी उभ्या आयुष्यात एक मासा पकडला नाही. प्रयत्न करून हुकला असता तर मी त्यांच्याबद्दल चार चांगले शब्द लिहिले असते, मासे भल्याभल्यांना हुकतात. सरांचं तसं नव्हतं. हा गृहस्थ चार वर्षं बुलढाण्यात स्वतःच्या घराच्या गच्चीवर उभा राहून गळ टाकायचा सराव करत होता, आणि त्या दोरीच्या टोकाला गळच नव्हता.

आम्ही दोघं एकाच शाळेत मास्तर आणि आमची घरं शेजारी शेजारी. लेआउटमध्ये दोन घरांच्या मध्ये जेमतेम हातभर बोळ, त्यामुळे त्यांची गच्ची म्हणजे जवळजवळ माझीच. सकाळी चहाचा कप घेऊन मी वर गेलो की आधी रीळ सुटल्याचा आवाज यायचा, मग ‘टण्ण’. टण्ण म्हणजे वजन समोरच्या घमेल्यात पडलं. टण्ण नाही झालं तर ते बहुधा माझ्या गच्चीवर यायचं, आणि मागोमाग सरांचा आवाज, “सर, जरा फेका बरं इकडं.” मी फेकायचो. माझा नेम त्यांच्यापेक्षा वाईट नव्हता, हे मी इथं नोंदवून ठेवतो.

त्यांनी मोबाइलवर कुठल्यातरी परदेशी माणसाचे व्हिडिओ पाहिले आणि रॉड ऑनलाइन मागवला. त्याच्याबरोबर रीळ आलं, नायलॉनचा तंगूस आला, गळांची एक पुडी आली आणि सरावासाठी सुपारीएवढी तीन पिवळी रबरी वजनं आली. नारखेडे वहिनी माळकरी. घरात अंडं चालत नाही. त्यांनी गळांची पुडी उचलली आणि दारावर आलेल्या भंगारवाल्याला देऊन टाकली. मला त्या म्हणाल्या, “बिनगळाचं हाये म्हणून घरात राहू देल्लं. नाहीतर काडी गेली असती चुलीत.”

दुसरा कोणी असता तर भांडला असता, नाहीतर चोरून दुसरा गळ आणला असता. सरांना उलट हायसं वाटलं. मला ते चेहऱ्यावर दिसलं. वहिनींनी त्यांची मोठीच सोय करून दिली होती. त्या दिवसापासून कोणी विचारलं, “काय सर, मासे कधी खिलवता?” की सर डोळे मिटून म्हणायचे, “मासा धराले कोणालेही येते. नेम धरता आला पाहिजे.”

नेमाचं शास्त्र मात्र ते तासन्‌तास सांगत. रिळावरची तार उघडायची, तंगूस तर्जनीवर धरायचा, रॉड मागे न्यायचा, आणि पुढे आणताना घड्याळात दहा वाजतात त्या जागी बोट सोडायचं. “सगळा खेळ मनगटाचा हाये सर. लोक खांदा वापरतात. लोकाईले अक्कल नाही.” मनगट हा शब्द उच्चारताना ते स्वतःच्या मनगटाकडे असे पाहत की त्याला एखादा पुरस्कार जाहीर झाला असावा. शाळेतही हेच. दहावीच्या वर्गात गतीचे नियम शिकवताना फळ्यासमोर खडू हातात धरून हा माणूस अदृश्य रॉड फेकायचा. पोरं पाठीमागे त्याला ‘दहा वाजले’ म्हणायची. पोरांची पारख चांगली असते.

एकदा उन्हाळ्यात पलीकडच्या कंडक्टरच्या घरी कुरडया घालत होते. गव्हाचा चीक शिजवून पातेलं गच्चीवर आणलेलं. सरांचं वजन दोन गच्च्या ओलांडून थेट त्या चिकात गेलं. कंडक्टरची बायको खमकी, तिने तंगूस हातात धरून ओढला आणि ओरडली, “ओ मास्तर, हे काय होय? आमच्या चिकात मासे दिसले का तुम्हाले?” वहिनी खालून धावत आल्या, माफी मागितली, दुसऱ्या दिवशी दोन किलो गहू नेऊन दिले. आणि सर? ते कठड्यापाशी उभे राहून मला सांगत होते, “पाह्यलं का सर? मधोमध पडलं. पातेल्याच्या मधोमध.” मी म्हणालो, तुम्ही चिकावर नेम धरला होता का? ते म्हणाले, “नाही, पण पडलं तर मधोमधच.”

त्यांचा सगळा स्वभाव हाच. रॉड तर नंतर आला. त्याच्या आधी त्यांनी एक चारचाकी घेतली होती, जुनी, पांढरी. गाडी पोर्चमध्ये, सर गाडीत, इंजिन बंद. रोज संध्याकाळी अर्धा तास क्लच दाबून गिअर टाकायचे: पहिला, दुसरा, तिसरा, परत दुसरा. वळणावर इंडिकेटर द्यायचे, आरशात पाहायचे. रस्त्यावर कधी? तर “हात बसला की.” हात बसेपर्यंत चाकांतली हवा गेली, बॅटरी बसली, मांजरीने मागच्या सीटवर पिल्लं घातली. आणि शाळेला जायला सर माझ्या मोटारसायकलवर मागे. आमची शाळा चिखली ओलांडून अमडापूरच्या अलीकडे एका गावात. नेमकं नाव सांगत नाही. संस्था अजून जोरात आहे आणि मला त्या रस्त्याने जावं लागतं. रोजचं अप-डाऊन, एवढ्या वर्षांचं. माझ्या पाठीमागे बसून हा माणूस मला गाडी कशी चालवावी ते सांगायचा.

पर्यवेक्षकाच्या जागेसाठी मुलाखत होती तेव्हा त्यांनी महिनाभर आरशासमोर उत्तरं पाठ केली. मुलाखतीच्या दिवशी पोट बिघडलं म्हणून आलेच नाहीत. तेव्हा मी हसलो होतो. आळशी माणूस मला चालतो, भित्राही चालतो. मी स्वतः काही वाघ नाही. पण हा माणूस घाबरत होता आणि त्या घाबरण्याला तयारी म्हणत होता, वर आपल्यालाच शहाणपण शिकवत होता. तरीही तेव्हा ते फक्त हसण्यासारखं होतं. पुढे जे झालं त्यानंतर मला हसू येईनासं झालं.

आमच्या शाळेत सुपडा नावाचा शिपाई होता. मूळचा वडनेर भोलजीकडचा. घरी पिढीजात मासेमारी. लग्नानंतर सासऱ्याच्या गावी, म्हणजे आमच्या शाळेच्या गावी राहिला आणि शाळेत रोजंदारीवर लागला. अकरा वर्षं त्याने घंटा दिली, पाणी भरलं, प्रयोगशाळा झाडली. त्याला कायम करण्याचा प्रस्ताव त्या वर्षी अखेर पुढे सरकला होता. सुपडा रोज एकदा ऑफिसच्या दारात उभा राहून विचारायचा, “आलं का काही माह्यं?” बाबू मान हलवायचा आणि सुपडा हसत पुढच्या कामाला लागायचा.

दहावीची सराव परीक्षा जवळ आली होती. विज्ञानाचे पेपर प्रयोगशाळेतल्या कपाटात कुलपात होते. पेपरच्या आदल्या दिवशी तोच पेपर गावातल्या एका शिकवणीच्या पोरांच्या मोबाइलवर फिरला. बोंबाबोंब झाली. कपाटाची चाबी सुपडाकडे असायची, म्हणून सुपडा चोर. संस्थेच्या सचिवांनी तीन जणांची चौकशी समिती नेमली आणि तिच्या अध्यक्षपदी स्वतः बसले.

दुसऱ्या दिवशी मोटारसायकलवर मागे बसून नारखेडे सर माझ्या कानात बोलले. चिखलीच्या आधी, उसाच्या ट्रॅक्टरमागे आम्ही अडकलो होतो तेव्हा. “सर, कोणाले सांगू नोका. मी पाह्यलं.” पेपर फुटला त्या दुपारी प्रयोगशाळेच्या आतल्या खोलीत ते काचेच्या नळ्या मोजत होते. सचिवांचा पुतण्या, जो आमच्याकडे तासिकेवर शिकवायचा आणि बाहेर तीच शिकवणी चालवायचा, तो आला. सुपडा पाणी भरायला गेला होता. पुतण्याने, सुपडा खिळ्याला अडकवून गेला होता ती चाबी काढली, कपाट उघडलं, मोबाइलने फोटो काढले, चाबी परत टांगली. सरांनी दाराच्या फटीतून पहिल्यापासून शेवटपर्यंत पाहिलं होतं.

“मग सांगा ना समितीपुढं,” मी म्हणालो.

“सांगणारच हावो. पण नीट सांगाव लागते. तयारीनं.”

त्याच संध्याकाळी शाळा सुटताना सुपडा माझ्या गाडीपाशी आला. कोणीतरी आत होतं, एवढा वास त्याला लागला होता. “सर, नारखेडे सर तवा आतल्या खोलीत होते, मले वाटते. तुमचं ऐकते ते. तुमीच घाला त्याईले गळ.” मी मराठीचा मास्तर. ‘गळ घालणे – आग्रहाने विनवणे, वाक्यात उपयोग करा’, हे तीस वर्षं शिकवत आलेलो. मी शब्द दिला आणि त्या रात्री जेवण झाल्यावर सरांच्या घरी जाऊन गळ घातली. बोललो, चिडलो, हात जोडले. वहिनीही माझ्या बाजूने बोलल्या. सर म्हणाले, “तुम्ही निश्चिंत राहा. अशी साक्ष देतो की सचिवाले पाणी मागता येणार नाही.”

आणि मग आठ दिवस गच्चीवर साक्षीचा सराव सुरू झाला. रॉड हातात, वजन घमेल्याकडे, आणि तोंडाने साक्ष. मी माझ्या गच्चीवरून ऐकत असे. “आदरणीय समिती सदस्य, मी त्या दिवशी दुपारी प्रयोगशाळेच्या आतल्या खोलीत होतो.” टण्ण. “मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं की चाबी खिळ्यावरून कोणी काढली.” टण्ण. “ती व्यक्ती सुपडा नव्हती.” टण्ण. आवाज खणखणीत, भाषा शुद्ध, कुठे अडखळणं नाही. मला लिहायला लाज वाटते, पण त्या आठ दिवसांत मी या माणसाबद्दलचं माझं मत बदललं होतं. मी आमच्या हिला म्हटलंही, माणूस वेळेला उभा राहतोय बरं.

चौकशीच्या दिवशी इतिवृत्त लिहायला मला बसवलं, कारण माझं अक्षर चांगलं. सुपडा दाराशी उभा, इस्त्रीचा शर्ट घातलेला. सरांना बोलावलं. सचिवांनी चष्म्यावरून पाहिलं आणि विचारलं, “सर, त्या दिवशी तुम्ही प्रयोगशाळेत होता म्हणतात. कोणाला पाहिलं?”

सरांनी घसा साफ केला. “आदरणीय समिती सदस्य, मी त्या दिवशी दुपारी प्रयोगशाळेच्या आतल्या खोलीत होतो.”

इथपर्यंत हुबेहूब. पुतण्या खिडकीबाहेर व्हरांड्यात येरझाऱ्या घालत होता. सरांनी त्याच्याकडे पाहिलं, सचिवांकडे पाहिलं आणि म्हणाले, “पण माझं लक्ष नळ्या मोजण्यात होतं.”

मी मान वर केली. सर माझ्याकडे पाहत नव्हते. सचिव म्हणाले, “लिहा.” आणि मी ते वाक्य सुवाच्य अक्षरात लिहिलं. मी तेव्हाच उठून म्हणू शकत होतो की हा माणूस आठ दिवस गच्चीवर दुसरं काही बोलतोय. नाही म्हणालो. मी स्वतः काही पाहिलेलं नव्हतं, ही माझी पळवाट, आणि ती मी अजून वापरतो. सुपडाला त्याच आठवड्यात काढलं. परीक्षा सरावाची होती, नोकरी मात्र खरी गेली.

परतीच्या वाटेवर सर मागे बसले होते. मेहकर फाट्यापाशी त्यांनीच सुरुवात केली, “सुरुवात चांगली झाली होती नाही?” मला त्यांची किळस आली. त्यानंतर मी त्यांना मागे बसवत राहिलो ते निवृत्तीपर्यंत, सवयीने आणि वहिनींकडे बघून. पण बोलणं जवळजवळ बंद. गच्चीवर त्यांचं वजन आलं की मी पायाने बोळात ढकलून द्यायचो.

दोन वर्षांनी आम्ही लागोपाठ निवृत्त झालो. सुपडा दरम्यान बायकापोरं घेऊन घाटाखाली गेला होता. नळगंगेच्या धरणावर त्याचे चुलतभाऊ मासेमारी करत, त्यांच्यात मिसळला होता. मला हे कळलं होतं. म्हणून एका सकाळी मीच कठड्यावरून सरांना म्हणालो, “चला, आज पाण्यावर जाऊ. रॉड घ्या.” त्यांनी कारणं काढली: ऊन, गुडघा, पाहुणे. मी हलत नाही म्हटल्यावर कपडे करून आले. कोण भेटणार ते मी सांगितलं नाही. मुद्दामच सांगितलं नाही.

राजूर घाट उतरून आम्ही धरणावर पोचलो तेव्हा सुपडा काठावर उकिडवा बसून जाळं शिवत होता. वाळला होता. आम्हाला पाहून उठला, हात पुसले. “राम राम सर! दोघं बी? काऊन वाट चुकले?” रागाचा लवलेश नाही. त्याला सरांच्या हातातला रॉड दिसला आणि तो पोराच्या कौतुकाने त्याभोवती फिरला. टोकाचं पिवळं वजन हातात घेऊन म्हणाला, “याले गळ कुठं हाये?”

“गळ नाही लावत. सराव हाये हा.”

सुपडा मनापासून हसला. सरांनी रॉड मागे नेला आणि फेकला. खोटं कशाला सांगू, सुंदर गेला. सुपडाने बोटाने दाखवलेल्या बाभळीच्या बुडख्यापाशी अचूक पडला. सुपडा म्हणाला, “वा सर! नेम लय भारी हाये तुमचा.” सरांची छाती फुगली.

मग सुपडा परत जाळ्यापाशी बसला आणि सुई ओवता ओवता, वर न पाहता म्हणाला, “सर, एक इच्यारू? आता काही नाई त्याचं. तुमी तवा पाह्यलं होतं नं?”

मला वाटलं, आता हा माणूस पाण्यात उडी टाकेल. पण समोर समिती नव्हती, सचिव नव्हते, पुतण्या नव्हता. सरांनी घसा साफ केला आणि रॉड टेकवून सगळं सांगितलं. आतली खोली, दाराची फट, खिळा, चाबी, मोबाइल, पुतण्याचं नाव. एक शब्द इकडचा तिकडे नाही. गच्चीवरच्या आठ दिवसांत ऐकलं होतं तसं, तेवढंच खणखणीत, हातवाऱ्यांसकट. धरणावरचे दोन म्हातारे हातातलं काम सोडून ऐकत राहिले.

सुपडाची सुई थांबली होती. तो म्हणाला, “मले वाटे, चाबी मीच कुठंतरी इसरलो असन. माही बायको आजबी म्हणते, तुह्याच गचाळपणानं गेलं. मी बी तेच समजून राह्यलो होतो.” मग त्याने सरांकडे पाहिलं. “हे तिथं काऊन नाई सांगतलं, सर?”

“तवा तयारी नव्हती झाली, सुपडा.”

सुपडाने मान हलवली. शिवी दिली असती तर मला बरं वाटलं असतं. त्याने जाळं खांद्यावर टाकलं, “बरं झालं सांगतलं. घरी सांगतो तिले,” एवढं म्हणाला आणि होडीकडे गेला. त्याची पाठ दिसत होती तोवर मी पाहत राहिलो.

सर रीळ गुंडाळत होते. वजन पाण्याबाहेर आलं तसं त्यांनी ते रुमालाने कोरडं पुसलं, माझ्याजवळ सरकले आणि हळूच विचारलं, “कसं झालं सर? पूर्ण आलं नं सगळं? मधात कुठं अडकलो नाही.”

मी गाडीपाशी गेलो, किक मारली आणि मागची सीट मोकळी ठेवून निघालो. ते एसटीने आले म्हणे, अंधार पडल्यावर. पुढच्या महिन्यात नवरा-बायको मुलीकडे नाशिकला गेले; वहिनी निरोप घ्यायला आल्या, मी सरांसाठी दारापर्यंतही गेलो नाही. त्यामुळे माझ्यापुरते सर शेवटचे दिसले ते त्या दिवशी गाडीच्या आरशात. रॉड खांद्याला लावून ते धरणाच्या भिंतीवर उभे होते, निवांत. मी गाडी फक्त वळवून आणायला गेलोय, अशी त्यांची समजूत होती.